दारातल्या झाडाला परवाना, पण घराखालच्या जमिनीला कागद नाही!



या पावसाळ्यात आपल्या एका पाड्यात काय झालं, ते सगळ्यांनी ऐकावं.

घराला लागून जुना मोह होता. बुंधा पोकळ, वाळवीनं खाल्लेला, एका अंगाची मुळं उघडी पडलेली. पाऊस लागला तसं झाड घरावर कलायला लागलं. घरात म्हातारी, सून आणि तीन पोरं. मुलगा नाकेदाराकडे गेला. नाकेदारानं राउंडवाल्याकडे धाडलं, राउंडवाल्यानं रेंज ऑफिसात. तिथं कारकुनानं विचारलं, "सात-बारा आणलास का?" तीन दिवसांची मजुरी बुडाली, एसटीचं भाडं गेलं, झाड होतं तिथंच. शेवटी भाऊबंदांनी दोर बांधून ते दुसऱ्या अंगाला पाडलं. आठ दिवसांनी केस झाली. लाकूड जप्त, कुऱ्हाडही जप्त. वर "मिटवून टाकू" म्हणून पैशाची मागणी. पावती मागितली तर म्हणे, "पावती पाहिजे तर कोर्टात ये."

साहेब लोक म्हणतात, कायदा सगळ्यांना सारखा. बरं, मग कायदाच बघू.

महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा 1964 साली झाला. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या मालकीच्या जागेत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. 1969 साली आणखी एक कायदा आला. ठेकेदार दारूच्या बाटलीवर आदिवासीचा साग उचलून नेत होते, म्हणून आदिवासी खातेदारानं झाडं विकायची तर कलेक्टरमार्फत विकायची, असं ठरलं. हेतू चांगला आहे. आम्ही त्याला नावं ठेवत नाही.

पण हे दोन्ही कायदे कोणाशी बोलतात? खातेदाराशी. ज्याच्या नावावर उतारा आहे, त्याच्याशी. आपल्या वनगावात उतारा आहे कोणाकडे? खात्याला कूपतोडीला, रस्ते करायला, वणवा विझवायला माणसं पाहिजे होती, तेव्हा आपल्या आजा-पणजांना इथं बसू दिलं. घरं बांधली, वावरं केली, देव मांडले. जमीन मात्र कागदावर राखीव जंगलच राहिली. त्यामुळे आपल्या अंगणाला 1964 चा कायदा लागतच नाही. लागतो तो इंग्रजांनी केलेला 1927 चा वन कायदा. राखीव जंगलात झाड तोडणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे गावठाणातला माणूस परवानगी मागतो तेव्हा तो अर्जदार असतो. आपण तेच मागायला जातो तेव्हा आपण गुन्हेगार असतो.

म्हणून आम्ही म्हणतो, हे भांडण झाडाचं नाही, जमिनीचं आहे. परवान्यासाठी उतारा मागतात आणि उतारा देणारं सरकारच तो देत नाही. ही गाठ ज्यानं मारली त्यानंच ती सोडवली पाहिजे.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. 1988 च्या वननीतीत लिहिलंय की सरपण, चारा, घराचं लाकूड या आदिवासींच्या घरगुती गरजांचा जंगलावर पहिला हक्क. 18 सप्टेंबर 1990 ला दिल्लीहून परिपत्रकं निघाली. त्यात वनगावांना महसुली गावं करण्याची गोष्ट आहे. ते कागद खाली रेंज ऑफिसात का पोचत नाहीत? लाकूड जप्त करायचा हुकूम बरा एका दिवसात पोचतो!

शहरात काय चालतं तेही बघा. शहरांसाठी 1975 साली झाडांचा वेगळा कायदा झाला. त्या कायद्यानं नगरपालिकेचं वृक्ष प्राधिकरण केलं आणि त्यात नगरसेवक बसवले. म्हणजे शहरातल्या बंगल्यातलं झाड पाडायचं की राखायचं, हे ठरवायला त्या शहरानं निवडून दिलेल्या माणसांना जागा दिली. आपल्या दारातल्या मोहाचा निकाल मात्र असा अंमलदार देणार, ज्याची तीन वर्षांनी बदली होते आणि ज्यानं ते झाड कधी पाहिलेलंही नसतं. शहराला जी अक्कल आहे ती गावाला नाही काय?

अधिकारी लगेच म्हणतील, गावाच्या हाती दिलं तर जंगल चार दिवसांत साफ होईल. आमचं उत्तर ऐका. आपल्यात परवाना नव्हता तेव्हाही नियम होते. मोहाचं झाड घराण्याचं असतं. वावर एकाचं आणि त्यातला मोह दुसऱ्याचा, असंही असतं, आणि वावरवाला त्याला कुऱ्हाड लावत नाही. भाऊ वेगळे निघाले तर झाडांचीही वाटणी होते. फळाचं झाड पाडायचं तर कारभारी आणि जाणती माणसं आधी येऊन बघतात. ज्या झाडाची फुलं वेचून भुकेचे महिने काढले, ते कोणी उगीच पाडत नाही.

पण आपलं चुकतं तेही बोललं पाहिजे. आपल्यातल्याच काहींनी रात्री साग तोडून ठेकेदाराच्या ट्रकमध्ये भरून दिला. घरासाठी खांब पाहिजे म्हणायचं आणि बाजारात विकायचा, हेही झालंय. अशानं नाकेदाराचा हात बळकट होतो आणि खऱ्या गरजवंताचं घर पडतं. विकायला झाड तोडणाऱ्यामागे संघटना उभी राहणार नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावं.

आता करायचं काय?

1. झाड घरावर येतंय असं दिसलं की पाऊस लागायच्या आधीच गाव बोलवा. झाड कोणतं, घेर किती, कुठं कललंय, घरात माणसं किती, हे कागदावर लिहा. पाच जणांच्या सह्या-अंगठे घ्या, त्यात बायाही पाहिजेत.

2. अर्ज दोन प्रतींत करा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

3. "नाही" म्हटलं तर लेखी मागा. तोंडी "नाही" कोर्टात कोणी ऐकत नाही.

4. पावतीशिवाय पैसा नाही. कोंबडी नाही, तूप नाही. कोऱ्या कागदावर अंगठा तर मुळीच नाही.

गावाचा पंचनामा म्हणजे परवाना नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. त्यानंतरही केस होऊ शकते. पण तेव्हा माणूस एकटा नसेल. झाड कसं होतं, किती वेळा अर्ज केला आणि कोणी टाळलं, हे दाखवायला कागद असेल आणि बोलायला गाव असेल.

आमची मागणी दोन ओळींची आहे. वनगावं महसुली करा, घराखालची आणि वावराची जमीन बाईच्या आणि माणसाच्या, दोघांच्या नावावर करा. आणि घरालगतच्या झाडाचा निर्णय गावसभेला द्या.

दिवाळीनंतर सगळ्या पाड्यांचे अर्ज एकत्र घेऊन आपण रेंज ऑफिसवर जाणार आहोत. ज्या घरावर झाड कललंय त्या घरानं आपला कागद आत्तापासून तयार ठेवावा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बसवा, सांगा, लिहून घ्या.

म्हातारीचं घर वाचलं. कुऱ्हाड अजून रेंज ऑफिसात पडून आहे. तीही परत आणायची आहे.