शेतवस्तीवरील सौर संच आणि चार्ज कंट्रोलरची निवड

सौर पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये बसविला जाणारा चार्ज कंट्रोलर शेतकरी बहुधा स्वतः निवडीत नाही. दुकानदार देईल तो घेतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड-सोयगावकडील डोंगरपट्ट्यात रानडुकरांपासून मका राखणारे झटका मशीन असो, की पैठण-वैजापूरकडील आखाड्यावरचा दिवा असो, दोहोंचा आधार बॅटरी हाच आहे. ऐन रात्री ती बसली, की एका रात्रीत उभे पीक जाते. मग दोष बॅटरीच्या माथी मारला जातो आणि नवी बॅटरी आणून त्याच कंट्रोलरला जोडली जाते. हा खर्च पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पीएम-कुसुम (२०१९) किंवा ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ (२०२४) या योजनांतील पंपाच्या पेटीसही लोक कंट्रोलरच म्हणतात. ती पेटी पॅनेलची वीज सरळ मोटारीस पुरविते; बॅटरी भरणे हे तिचे काम नव्हे. तिच्यातून तारा काढण्याचा खटाटोप कोणी करू नये.

बॅटरीसाठीचे कंट्रोलर दोन जातींचे असतात. पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढून आणतो. एमपीपीटी जातीचा कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो व वरकड व्होल्टेजचे रूपांतर अधिक अँपिअरमध्ये करतो. हा फरक केवळ पुस्तकी नव्हे. हल्ली मोठे पॅनेल वॉटमागे स्वस्त पडते, म्हणून ७२ सेलचे ३३० वॉटचे पॅनेल आखाड्यावर येते. ते सुमारे ३७ व्होल्ट व ९ अँपिअर देते. पीडब्ल्यूएममधून १२ व्होल्टच्या बॅटरीस जोडल्यास ९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ११७ वॉट पदरी पडतात. दोन तृतीयांश पॅनेल विनाकारण विकत घेतले गेले! अशा ठिकाणी एमपीपीटीच हवा.

उलटपक्षी, एमपीपीटी केव्हाही श्रेष्ठ, असे सरसकट सांगणाऱ्यांचे म्हणणेही या जिल्ह्यापुरते मान्य करता येत नाही. ३६ सेलचे लहान पॅनेल २५ अंश तपमानास सुमारे १८ व्होल्ट देते. पण मे महिन्यात हवेचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते. दर अंशास सुमारे ०.४ टक्के घट धरल्यास हाती १५ व्होल्ट उरतात. भरत आलेल्या शिसे-आम्ल बॅटरीस १४.४ व्होल्ट लागतात. रूपांतर करावयास उरले काय? हिवाळ्यात थोडा लाभ होईल, परंतु एक दिवा व झटका मशीन यांसाठी चांगल्या प्रतीचा पीडब्ल्यूएम पुरेसा आहे.

बाजारात ‘एमपीपीटी’ असे छापलेले, पण आतून पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलरही विकले जातात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साध्या मल्टिमीटरने खात्री करून द्यावी. ७२ सेलच्या पॅनेलवर, भर उन्हात, बॅटरी अर्धवट भरलेली असताना पॅनेलच्या व बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. दोन्ही जवळपास सारखे भरल्यास डब्यावर काहीही लिहिलेले असो, तो पीडब्ल्यूएमच होय.

बॅटरीची जातही पाहावी लागते. शिसे-आम्ल बॅटरीस उन्हाळ्यात कमी व्होल्टेजवर भरावे लागते; ४० अंशांस ही घट सुमारे ०.३ व्होल्ट असते. तपमानानुसार ही दुरुस्ती न करणारा कंट्रोलर बॅटरीतील पाणी लवकर आटवितो. दुरुस्ती करणारा कंट्रोलर मात्र बॅटरीच्या जवळच, सावलीत बसवावा. तो तापल्या पत्र्याखाली आणि बॅटरी गारव्यात, असे झाल्यास त्याचा अंदाज चुकतो. लिथियम बॅटरी घेणाऱ्याने कंट्रोलरमध्ये तिची स्वतंत्र योजना आहे ना, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

१२ व्होल्टच्या १०० वॉट पॅनेलचा प्रवाह ६ अँपिअरच्या आसपास असतो. त्यास १० अँपिअरचा कंट्रोलर घ्यावा. जोडताना आधी बॅटरी व मग पॅनेल जोडावे. काढताना आधी पॅनेल सोडवावे. बॅटरीच्या तारेत फ्यूज घालण्यास विसरू नये.