वेगळे ताट नको, उघडी खिडकी हवी

एका रनिंग रूममध्ये सहकाऱ्याला क्षय झाल्याचे कळताच दुसऱ्या दिवशी त्याचे ताट-पेला वेगळा झाला. खिडक्या मात्र बंदच राहिल्या. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले, आणि खरे सांगायचे तर तेव्हा आम्हीही गप्प बसलो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. तरी ताटाची भीती आपल्यातून गेलेली नाही. हा जंतू भांड्यांतून, कपड्यांतून, हात मिळवल्याने पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात. ते श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. तेथील रक्षक पेशी जंतूला गिळतात, पण तो त्यांच्या पोटातही जिवंत राहतो. मग शरीर त्याच्याभोवती गाठ बांधून त्याला कोंडते. बहुतेकांत तो जन्मभर कोंडलेलाच राहतो. शंभरांत पाच-दहा जणांनाच रोग होतो. अर्धपोटी राहणे, मधुमेह, एच.आय.व्ही., विडी, दारू यांनी पहारा ढिला पडला की गाठ फुटते, फुप्फुसात पोकळी पडते आणि जंतू खोकल्याबरोबर बाहेर निघतो.

मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये व काहींना दाटीवाटीच्या घरीच ठेवून औषध दिले गेले. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्त बाधा झाली नाही. कारण औषध लागू पडले की संसर्ग झपाट्याने घटतो. धोका असतो तो न तपासलेल्या खोकल्याचा. आणि नोकरीच्या भीतीने माणूस खोकला दडवतो, त्याचे काय? त्याला दडवायला आपणच लावतो.

अन्नाचा मुद्दा तर आपल्या मजुरीच्या लढ्याचाच आहे. झारखंडमधील २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यातील क्षय सुमारे ४० टक्क्यांनी घटला.

दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेतो दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, नाहीतर औषधाला न जुमानणारा क्षय गाठतो.

शाखा चिटणीसांनी रनिंग रूम, गँगच्या खोल्या व टपाल छाननीच्या खोल्यांतील न उघडणाऱ्या खिडक्यांची यादी करून युनियन कार्यालयाकडे धाडावी.