पंप गेलेला नाही, तपासणी गेली आहे

जुनी डिझेल जीप चढावर खेचेनाशी झाली, की गॅरेजात निदान आधीच ठरलेलं असतं : पंप गेला. कोणता पंप गेला, कशावरून कळलं, त्याआधी काय तपासलं, असं विचारलं की मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडतात. मग इंजिनावरचा डिझेल पंप उतरतो, पोत्यात गुंडाळून पंप-नोझलवाल्याकडे जातो, टेस्ट बेंचवर चढतो आणि नवे एलिमेंट, नव्या नोझल, कॅलिब्रेशन असं सगळं होऊन हजारो रुपयांच्या बिलासकट परत येतो. गाडी थोडे दिवस बरी चालते आणि पुन्हा त्याच चढावर मान टाकते. या प्रकाराला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. हा ग्राहकाच्या पैशांवर चाललेला अंदाजपंचे कारभार आहे आणि तो बंद झालाच पाहिजे.

मी कोणत्या गाड्यांविषयी बोलतोय ते स्पष्ट सांगतो. महिंद्राच्या जुन्या जीपा : प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन असलेल्या, म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. आणि २५२३ सीसीच्या एमडीआय इंजिनाच्या. त्यांच्याच जोडीला बजाज टेम्पोची ट्रॅक्स, जिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६ इंजिन असायचं. या गाड्यांनी सातारा-कोल्हापुरात वडाप चालवलं, विदर्भात काळी-पिवळी होऊन माणसं वाहिली, एसटी पोहोचत नव्हती अशा वाड्यांवरून बाळंतिणींना दवाखान्यात नेलं. आजही डोंगरातल्या कच्च्या वाटांवर त्या राबतात. त्यांच्यात संगणक नाही, स्कॅनर जोडायला जागा नाही. टाकीतलं डिझेल नोझलपर्यंत कसं पोहोचतं ते डोळ्यांनी पाहता येतं, बोटांनी चाचपता येतं. इतकी उघडी रचना समोर असताना जो अंदाजाने पाना चालवतो, त्याला माफी नाही.

टाकी खाली आणि मागे, इंजिन वर आणि पुढे. मधलं अंतर ओलांडून डिझेल खेचून आणायचं आणि फिल्टरमधून डिझेल पंपापर्यंत ढकलायचं, हे लिफ्ट पंपाचं काम. कुणी त्याला फीड पंप म्हणतं, कुणी एसी पंप. त्याचे दोन प्रकार. इनलाइन डिझेल पंपाच्या अंगाला बसवलेला प्लंजरचा पंप हा पहिला : आतल्या शाफ्टवरचा कॅम टॅपेट दाबतो, स्प्रिंग प्लंजरला परत ढकलते आणि दोन एकेरी व्हॉल्व्ह डिझेलला मागे फिरू देत नाहीत. पुढे दाब पुरेसा झाला की स्प्रिंगला प्लंजर पूर्ण ढकलता येत नाही, त्याचा फेरा आपोआप आखूड होतो. म्हणजे इंजिनाला लागेल तेवढंच डिझेल देण्याची अक्कल या पंपाच्या घडणीतच आहे, त्यासाठी एकही वायर लागत नाही. दुसरा इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा डायफ्रॅमचा : इंजिनाचा कॅम त्याचा दांडा हलवतो, पडदा वरखाली होतो आणि जेमतेम अर्ध्या बारच्या आसपास दाब मिळतो. दोन्हींत बिघडण्याजोगे भाग बोटांवर मोजण्याइतके आहेत : व्हॉल्व्ह, स्प्रिंग, सील, पडदा. ज्याला एवढे भाग तपासता येत नाहीत, त्याने डिझेल गाडीला हात लावू नये.

आता लिफ्ट पंपाच्या माथी मारल्या जाणाऱ्या खऱ्या रोगाकडे येऊ. तो रोग म्हणजे लाइनने हवा घेणं. टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतचा पाइप ओढीखाली असतो. तिथे बारीक चीर पडली, तर चालू इंजिनात डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. म्हणूनच "कुठे गळत नाही, लाइन ओके आहे" हे गॅरेजातलं लाडकं वाक्य शुद्ध अज्ञान आहे. रात्री गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा घेऊन डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते, गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, दुपारी मात्र बरी चालते. ही लक्षणं इतकी ठळक आहेत की फोनवर ऐकूनही संशय यावा. तरीही पाना जातो तो थेट डिझेल पंपाकडे, कारण तिथे बिल मोठं होतं.

हवा शिरते कुठून? बँजो बोल्टखालच्या तांब्याच्या वायसरमधून, जे एकदा दाबून चपटं झाल्यावर पुन्हा तसंच बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात आणि इंजिनाच्या धगीत कडक झालेल्या रबरी नळीतून. टाकीतल्या ओढपाइपाला पडलेल्या भोकातून, ज्यामुळे टाकी अर्धी असताना गाडी नीट चालते आणि पातळी उतरली की अडते. हवेचा प्रश्न नसेल तर अडथळ्याचा असतो : फीड पंपाच्या वाटीतली जाळी गाळाने भरलेली, टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र चिखलाने बुजलेलं. झाकण सैल करताच सूं आवाज करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर रोगही कळला आणि औषधही मिळालं.

माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची जीप एका वर्कशॉपने याच तक्रारीसाठी उघडली. डिझेल पंप बेंचवर गेला, नोझल बदलल्या, लिफ्ट पंपही नवा आला. हंगामाच्या तोंडावर गाडी अडकून पडली आणि भाजीपाला बाजारात न्यायला भाड्याचा टेम्पो करावा लागला. मी ती पाहिली तेव्हा टाकीकडून येणाऱ्या जोडावरचं जुनं वायसर एका बाजूला दबलेलं होतं. ते बदललं, हवा काढली, गाडी चालली. चहाच्या किमतीच्या वस्तूसाठी त्या माणसाने पिकाचा पैसा मोजला आणि वर्कशॉपने साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. मला याची चीड येते, आणि ती प्रत्येक मालकाला यायला हवी.

तपासणीला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. लिफ्ट पंपाच्या आधी आणि नंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडा आणि इंजिन चालवा. पंपाच्या आधीच बुडबुडे दिसले तर दोष टाकीच्या बाजूला आहे, पंप निर्दोष आहे. दुसरी कसोटी स्वच्छ डिझेलच्या कॅनची. तापलेल्या सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधलेल्या कॅनमधून नळी थेट लिफ्ट पंपाला द्या. गाडी सुधारली तर मागची लाइन आणि टाकी तपासा. नाही सुधारली, तर तोच कॅन उंच टांगून डिझेल लिफ्ट पंप वगळून फिल्टरला द्या. आता इंजिन सुरळीत राहिलं, तरच लिफ्ट पंपाकडे बोट दाखवा. तिसरी कसोटी : पंपाची पुढची नळी सोडून भांड्यात धरा, स्टॉप खेचून स्टार्टर मारा. डिझेलच्या जोरकस पिचकाऱ्या आल्या तर पंप जिवंत आहे. पंप ठीक आणि तरीही दाब टिकत नसेल, तर इनलाइन पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग पाहा. ती ढिली पडली की डिझेल दाब न धरता सरळ परतीच्या वाटेला लागतं. एवढं सगळं अर्ध्या दिवसात होतं. आयटीआयला 'मेकॅनिक डिझेल' शिकलेल्या पोराकडून एवढी अपेक्षा ठेवणं अजिबात जास्त नाही.

डायफ्रॅमच्या पंपावर तर रोज अन्याय होतो. हाताचा लिव्हर मोकळा लागला की पंप मेला असं जाहीर केलं जातं. इंजिन ज्या जागी थांबलं तिथे कॅमने पंपाचा दांडा आधीच दाबलेला असेल, तर लिव्हरला जोर लागणारच नाही. क्रँक एक फेरा फिरवा, लिव्हरमध्ये जीव येतो. हे माहीत नसलेला माणूस चांगला पंप भंगारात टाकतो. प्लंजरच्या पंपावर हवा काढून झाल्यावर हँड प्रायमरची मूठ आट्यांत घट्ट बसवायची असते. ती तशीच सैल सोडून, मग तिथूनच हवा घेणाऱ्या गाडीवर पुन्हा नवं बिल फाडणारे महाभागही आहेत.

आणि आता सगळ्यात घातक फॅशन : इलेक्ट्रिक पंप. जुना पंप काढायचा, ब्लॉकवर पत्रा मारायचा, बाजारात मिळेल तो स्वस्त पंप इग्निशनच्या वायरवर जोडायचा. हे काम नीट करता येतं, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी डिझेलला चालणारा आणि त्या इंजिनाला हवा तेवढाच दाब देणारा पंप निवडावा लागतो. पेट्रोल इंजेक्शनचा जास्त दाबाचा पंप रोटरी डिझेल पंपावर लादला तर त्याची सीलं फुटू शकतात. फ्यूज आणि रिले लागतात. इंजिन थांबलं की पंपही थांबेल अशी सोय ऑइल प्रेशर स्विचवरून करावीच लागते. नाहीतर गाडी उलटली, पाइप तुटला आणि चावी चालूच राहिली, तर तो पंप गरम इंजिनावर डिझेल ओतत राहतो आणि आत माणसं अडकलेली असतात. ही सोय न करता पंप बसवून देणारा दुसऱ्याच्या जिवाशी खेळतोय. त्याला जुगाडाचं कौतुक मिळता कामा नये.

लिफ्ट पंप खरोखरच जातो तेव्हाही आपण तितकेच बेफिकीर. डायफ्रॅम फाटला किंवा प्लंजरच्या पंपाचं सील झिजलं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, ऑइल पातळ लागतं, डिझेलचा वास येतो. यावर "बरं झालं, ऑइल खात नाही" म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पातळी फारच वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून जाळायला लागतं, वेग सुटतो आणि चावी फिरवूनही इंजिन थांबत नाही. ऑइल वाढलं, तर गाडी त्याच जागी उभी करा. त्यापुढे एक किलोमीटरही नाही.

घाटात इंजिन बंद पडणं ही नुसती गैरसोय नसते. ज्या जीपांच्या ब्रेक बूस्टरला इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाची साथ लागते, त्यांचा पेडल इंजिन थांबल्यावर दोन-तीन दाबांतच कडक होतो. वरंध्यात किंवा आंबेनळीत, भरल्या गाडीने, पावसात हे झालं तर काय होईल ते मालकाने स्वतः ठरवावं. त्याच मालकाच्या गाडीवर विंच असतो, छतभर एलईडी दिवे असतात, चिखलाचे रुंद टायर असतात, आणि टाकीपासून येणारी रबरी नळी मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचीच असते. मिरवायला पैसा आहे, नळीला नाही. अशा मालकाला मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडायचा अधिकार उरत नाही.

सुट्या भागांचा बाजारही मोकळा सुटलेला आहे. कडक रबराचे पडदे, नीट न बसणारे व्हॉल्व्ह, वजनाला हलके ओतीव खोके, असा माल "ओरिजिनलसारखाच" म्हणून खपतो आणि पहिल्या पावसाळ्यात दगा देतो. घरातला जुना अस्सल पंप फेकू नका. त्याचे व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, सील बदलता येतात. अनेकदा व्हॉल्व्हखाली अडकलेला कचरा काढला तरी तो पुन्हा उभा राहतो.

माझी मागणी साधी आहे. तांब्याची वायसरं दर वेळी नवी, रबरी नळ्या ठरावीक काळाने नव्या, फिल्टर आणि जाळी वेळच्या वेळी. आणि बिल हातात घेण्याआधी मिस्त्रीला तोंडावर विचारा : हवा कुठून येत होती? पारदर्शक नळी लावली का? कॅनवर गाडी चालवून पाहिली का? काढलेला भाग दाखव, त्यात काय बिघडलं होतं? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी खूश होतो, कारण त्याने हे सगळं आधीच केलेलं असतं. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या, ती त्याच्या डोक्याची किंमत आहे. आणि ज्याला उत्तर देता येत नाही, त्याला एक पैसाही देऊ नका.