विश्लेषण : मढच्या कोळणीची गोष्ट संशोधनाचा पुरावा कधी ठरते?

प्रश्नावली घेऊन मढच्या कोळीवाड्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : महिन्याचे उत्पन्न किती? त्याचे उत्तर एका आकड्यात मावत नाही. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगात कमी. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. म्हणून कोळीण आकड्याऐवजी हकिगत सांगू लागते आणि रकाना कोरा राहतो. अशा वेळी बदलायला हवी ती पद्धत.

कथनात्मक संशोधन म्हणजे काय?

माणूस आपला अनुभव ज्या क्रमाने सांगतो, तो क्रम न मोडता अभ्यासणे. काय सांगितले याइतकेच कशावर जोर दिला, काय गाळले हेही पाहायचे. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेत्झ्की यांनी १९६७ मध्ये तोंडी कथनाची रचना मांडली : कोण-कुठे-कधी, मग काय बिघडले, सांगणाऱ्याला त्याचे काय वाटले, शेवट काय झाला. नवख्यांसाठी हा आराखडा आजही सोयीचा आहे.

सुरुवात कशी करावी?

‘मावशी, पहिल्यांदा पाटी घेऊन बाजारात गेलात, तिथपासून सांगा,’ एवढा एकच मोकळा प्रश्न पुरतो. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करावे आणि मध्ये तोडू नये. उतरवताना कोळी बोलीचे प्रमाण मराठी करू नये. ‘भांग’ची ‘मंदी’ केली की समुद्रच वगळला जातो. सॉफ्टवेअरमध्ये तुकडे पाडण्याआधी मुलाखत सलग दोनदा वाचावी.

पण हे शास्त्रीय आहे का?

आठवण चुकते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तारखा कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात आणि दोन-चार मुलाखतींवरून ‘किती जण’ याचा दावा करू नये. ‘कसे’ आणि ‘का’ यांचे उत्तर मात्र इथेच मिळते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाचा इतिहास कामगारांच्या तोंडून मांडला (२००४). ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले.

मढमध्ये याची गरज का?

वर्सोवा-मढ पुलाचा प्रकल्प आहे. वाचणारी मिनिटे मोजता येतात. बोंबील वाळवायच्या वलांडी कुठे उभ्या राहतात, ती जागा वाड्यात कोणाची मानली जाते, हे बायकांच्या बोलण्यातूनच कळते. ते नोंदले गेले नाही, तर निर्णयाच्या वेळी ती जागा मोकळीच समजली जाईल.

जबाबदारी कोणती?

लहान गावात नाव बदलून ओळख लपत नाही. होडी आणि गल्लीवरूनही माणूस कळतो. म्हणून लिहिलेले आधी त्या मावशीला वाचून दाखवावे. ‘हे काढ’ म्हणाली, तर काढावे.