माजघरातील उजेड

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या सीमाभागातील घरे पालटली. बेळगावात शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत काय किंवा निपाणीच्या गल्लीबोळांत काय, कौले उतरली आणि स्लॅब आले. पावसाळ्यातील गळती थांबली, विंचू-उंदरांचा उपद्रव घटला, वर एखादा मजलाही चढला. या प्रगतीबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु या स्थित्यंतरात एक गोष्ट नकळत घराबाहेर गेली आणि ती गेल्याचे आपण डॉक्टरांनीही म्हणावे तसे मनावर घेतले नाही. ती गोष्ट म्हणजे दिवसाचा उजेड.

आपल्याकडील जुने घर अरुंद आणि लांबट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या. पुढे ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. अशा घरात माजघराला खिडकी मिळणे शक्यच नव्हते. जुन्या गवंड्यांनी त्यावर वरून तोड काढली होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती मंगळुरी कौले पुढे घरोघरी आली. त्यांच्याच आकाराचे एखादे काचेचे कौल माजघरावर बसविले की खाली दिवसभर कवडसा पडे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील माळवदाच्या घरांत छपरालाच भोक ठेवीत. त्याला कानडीत ‘बेळकिंडी’ म्हणतात. बेळकु म्हणजे उजेड आणि किंडी म्हणजे भोक. आपण मराठीत त्याला सवणे म्हणतो. त्यातून उजेड आत येई आणि चुलीचा धूर बाहेर जाई. स्लॅब टाकताना हे सवणे बुजले. माजघर मात्र राहिले आणि भर दुपारी तेथे दिवा लावावा लागतो.

यात बिघडले काय, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर आकड्यांत आहे. स्वच्छ उन्हात बाहेरचा उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. आभाळ भरून आले तरी तो दहा हजारांच्या आसपास राहतो. दिवा लावलेल्या सर्वसाधारण खोलीत मात्र तो शंभर ते तीनशे लक्स असतो. डोळा जुळवून घेतो, म्हणून ही तफावत आपल्याला जाणवत नाही. परंतु शरीराला ती जाणवते. दृष्टिपटलातील काही गँग्लिऑन पेशी स्वतःच प्रकाशसंवेदी असतात, हे २००२ साली सिद्ध झाले. त्या आपल्याला चित्र दाखवीत नाहीत. दिवस उगवल्याची वर्दी त्या मेंदूला देतात. झोप आणि जाग यांचे चक्र त्या वर्दीवर चालते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून असलेले आजोबा रात्री झोप येत नाही म्हणून आपल्याकडे येतात तेव्हा त्यांना गोळी लिहून देण्यापूर्वी त्यांची बसण्याची जागा विचारणे शास्त्राला धरूनच होईल.

उजेडाच्या उपयोगाचे पुरावे आपल्या व्यवसायाला नवे नाहीत. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कॅनडातील एडमंटन येथील रुग्णालयात नैराश्याच्या रुग्णांचा अभ्यास झाला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. उजेडाच्या खोल्यांतील रुग्ण सरासरी १६.९ दिवसांत घरी गेले, तर अंधाऱ्या खोल्यांतील रुग्णांना १९.५ दिवस लागले. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाने २०१८ साली घरातील धुळीवर प्रयोग केला. अंधारात ठेवलेल्या धुळीत १२ टक्के जिवाणू जिवंत राहिले. काचेतून आलेल्या दिवसाच्या उजेडात हेच प्रमाण ६.८ टक्क्यांवर आले. हे प्रयोग लहान आहेत, त्यांवरून मोठे दावे करू नयेत. पण त्यांची दिशा स्पष्ट आहे.

आता उपाय. थंड देशांत, जेथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम क्षितिजावर डोकावतो, तेथे प्रकाशनळी नावाचे साधन रुळले आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते ऑस्ट्रेलियातून बाजारात आले. छपरावर एक पारदर्शक घुमट, त्याखाली आतून आरशासारखी चकचकीत नळी आणि खोलीच्या छताशी उजेड पसरविणारी दुधी तबकडी, इतकीच त्याची रचना. सारे मर्म नळीच्या अस्तरात आहे. अस्तर ९८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे असेल, तर दहा वेळा आपटूनही ८२ टक्के प्रकाश खाली पोहोचतो. साधा पत्रा ८५ टक्के परावर्तन करीत असेल, तर दहा आपटण्यांनंतर जेमतेम २० टक्के उरतो. म्हणून स्वस्तात पत्र्याची नळी वळवून घेण्यात हशील नाही. नळी सरळ आणि आखूड असावी हेही यातूनच कळते.

हे साधन थंडीच्या मुलखाचे, आपल्याला कशाला, असे म्हणणाऱ्यांनी सूर्याकडे पाहावे. डिसेंबरात लंडनला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून पंधरा अंशच वर येतो. बेळगाव-निपाणीला तो पन्नास अंशांवर असतो आणि उन्हाळ्यात थेट डोक्यावर. छपरातून उजेड घेण्यास आपल्यासारखी सोयीची जागा नाही. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते हे खरे. पण बाहेर दहा हजार लक्स असताना माजघर काळोखात ठेवण्याचे कारण नाही.

डॉक्टर म्हणून याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. या नळीतून जीवनसत्त्व ‘ड’ मिळणार नाही. त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच आणि प्लॅस्टिक अडवितात. अंगणात ऊन अंगावर घ्यावेच लागेल. दुसरे असे की, सवण्यातून धूर आणि कोंदट हवाही जाई. नळी मात्र बंदिस्त असते. क्षयाचा रुग्ण असलेल्या घरात उजेडापेक्षाही खेळती हवा महत्त्वाची. म्हणून नळी बसविली तरी हवेचा झरोका वेगळा ठेवावा लागेल. आणि जेथे खिडकी काढता येते, तेथे खिडकीच काढावी.

खर्चाचा आक्षेप सर्वांत रास्त आहे. एलईडी दिवा स्वस्त, तर चांगली प्रकाशनळी महाग. परंतु स्लॅब टाकतानाच छिद्र ठेवले, कठडा उचलला आणि जलरोधक काम तेव्हाच केले, तर खर्च आणि गळती दोहोंचे भय पुष्कळ कमी होते. मागाहून स्लॅब फोडणे मात्र कोणालाच आवडणार नाही. पत्र्याच्या घरांना याहून सोपा मार्ग आहे. ब्राझीलमधील आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने २००२ साली दोन लिटरच्या बाटलीत पाणी आणि थोडे ब्लीच भरून ती पत्र्यातून अर्धी खाली सोडली. चाळीस ते साठ वॉटच्या दिव्याइतका उजेड पडला. पुढे फिलिपीन्समध्ये अशा बाटल्यांची मोहीमच झाली.

निपाणीच्या संदर्भात मला हे विशेष महत्त्वाचे वाटते. तंबाखूच्या वखारींतील स्त्रियांच्या लढ्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट निघाला. त्या लढ्याने कामाचे मोल वाढविले, पण कामाच्या जागेचा प्रश्न उरलाच. आजही विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी बसते, कारण उजेड तेथवरच येतो. पावसाची झड आली की ती आत सरकते आणि डोळे ताणून पाने कातरते. घरात तंबाखूची धूळ, चुलीचा धूर आणि त्यात हा अंधार. तिच्या खोकल्यावर आपण औषध देतो, डोळ्यांना चष्मा देतो. तिच्या पत्र्यातून उजेड उतरविणे हेही औषधच आहे आणि ते एकदाच द्यावे लागते.

म्हणून आपल्या व्यवसायबंधूंना माझी सूचना आहे. रुग्णाचा इतिहास लिहिताना एक प्रश्न वाढवावा : दिवसा घरात दिवा लावावा लागतो का? अंधाऱ्या जिन्यावर किंवा न्हाणीत घसरून मांडीचे हाड मोडलेल्या आजींबाबत तर तो विचारलाच पाहिजे. आणि दुसऱ्यास सांगण्यापूर्वी आपण आपली रुग्णालये पाहावीत. आपल्यापैकी अनेकांच्या इमारतींत मधला बोळ आणि प्रतीक्षाकक्ष दिवसाही दिव्यावर चालतात. पुढचा स्लॅब टाकताना वास्तुविशारदाशी विजेच्या बिंदूंची चर्चा होईलच; उजेडाच्या छिद्राची चर्चाही तेव्हाच व्हावी. आपल्या गवंड्यांना हे ज्ञान होते. ते पुन्हा छपरावर चढविण्यास डॉक्टरांचा एक शब्द पुरेसा होईल, असा माझा विश्वास आहे.