रोजा फक्त पोटाचा नसतो

मगरिबच्या अजानला दहा मिनिटे बाकी आहेत. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी आणि सरबताचे ग्लास मांडून झाले आहेत. घरातली सगळ्यांत थोरली बाई, सगळ्यांची अम्मी, आज काहीशी गप्प आहे. कपाळावर घाम आहे, हात थरथरतो आहे. सून विचारते, "अम्मी, तबियत ठीक है ना?" उत्तर येते, "कुछ नहीं बेटा, रोजा लग रहा है. दस मिनट तो बाकी हैं."

रमजानच्या महिन्यात असे चित्र कितीतरी घरांत दिसते. अम्मीला मधुमेह आहे. साखरेची सकाळची गोळी त्यांनी सहरीला घेतली आणि सोबत अर्धी पोळी खाल्ली. डॉक्टरांना रोज्याबद्दल काही सांगितलेले नाही. विचारले तर ते नको म्हणतील, ही भीती. घाम आणि थरथर हे रोजा 'लागल्याचे' लक्षण नसून रक्तातली साखर खाली गेल्याचे आहे. ते कळायला हवे असेल, तर रोज्यात शरीराच्या आत काय चालते ते पाहायला हवे.

रोजा म्हणजे पोट उपाशी ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर पोटाचे काम सर्वांत आधी संपते. सहरीचे अन्न जठरातून लहान आतड्यात जाते, तिथे पचते आणि साखरेच्या रूपात रक्तात उतरते. चार-पाच तासांत हा पुरवठा ओसरतो. त्यानंतर मगरिबपर्यंतचा रोजा इतर अवयव पार पाडतात.

त्यांत पहिला मान यकृताचा. निरोगी माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. बाहेरून अन्न येणे थांबले की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते आणि ग्लुकॅगॉन हे दुसरे संप्रेरक वाढवते. तो संदेश मिळाला की यकृत आपले कोठार उघडते आणि बेताबेताने साखर रक्तात सोडू लागते. जोडीला शरीरातली चरबी इंधन म्हणून वापरली जाते. एवढी धडपड मुख्यतः मेंदूसाठी असते. मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के वाटा त्याचा. साखरेचा साठा तो स्वतःजवळ फारसा ठेवत नाही. त्याला ती सतत मिळावी लागते.

पाण्याची जबाबदारी मूत्रपिंडांवर असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात सोडतात. दुपारनंतर रक्त किंचित घट्ट होऊ लागले की मेंदूला ते समजते. तो संप्रेरक पाठवून मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतो. लघवी कमी आणि गडद होते. श्वासातून आणि त्वचेतून पाणी जातच असते. तरीही हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवत राहते आणि रक्तवाहिन्या थोड्या आकसून रक्तदाब सांभाळतात. पचनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, मज्जासंस्था, उत्सर्जन संस्था, रक्ताभिसरण या सगळ्यांनी भार वाटून घेतलेला असतो, म्हणून धडधाकट माणूस तेरा-चौदा तास सहज काढतो आणि रात्री तरावीहलाही उभा राहतो.

यातला एखादा अवयव आजारी असेल, तर हा हिशेब बिघडतो. मधुमेहावरच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न नाही आणि रक्तात इन्सुलिन भरपूर, अशा वेळी यकृत कोठार उघडत नाही, कारण इन्सुलिनचा संदेशच 'साठवून ठेव' असा असतो. साखर घसरत जाते. मूत्रपिंडे थकलेली असतील, तर त्यांना पाणी राखता येत नाही. शरीर कोरडे पडत असतानाही लघवीवाटे पाणी जात राहते. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, तर नमाजसाठी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

ही भीती पुस्तकी नाही. २००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेही रुग्णांचा अभ्यास झाला. प्रौढपणी जडणाऱ्या, म्हणजे टाइप टू मधुमेहाच्या रुग्णांत साखर गंभीररीत्या घसरण्याचे प्रमाण रमजानमध्ये इतर महिन्यांच्या साडेसात पट आढळले.

मग धर्म काय सांगतो? कुरआनच्या दुसऱ्या सूरेत, अल-बकरात, १८३व्या आयतीत रोज्याचा आदेश आहे आणि लगेच पुढच्या दोन आयतींत आजारी माणसाला व प्रवाशाला सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर, प्रकृती सुधारल्यावर ठेवायचे. ती सुधारण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजू माणसाला जेवू घालायचे. पहिल्याला कजा म्हणतात, दुसऱ्याला फिद्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःची वा बाळाची काळजी वाटत असेल, तर तिलाही सवलत आहे. म्हणजे आदेश आणि सवलत एकाच ठिकाणाहून आले आहेत. आदेश तेवढा धर्म आणि सवलत म्हणजे कमकुवतपणा, ही वाटणी माणसांनी केली आहे.

खरी अडचण इथेच आहे. मोहल्ल्यात पहिला प्रश्न असतो, "रोजे से हैं?" साठी ओलांडलेल्या माणसाला 'नाही' म्हणणे जड जाते. चाळीस वर्षांत एकही रोजा सुटला नाही, ही त्याची कमाई असते. मासिक पाळीत मुलीबाळींनी रोजा ठेवायचा नाही, असा शरीअतचा स्पष्ट नियम आहे, तरी घरोघरी त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लपून घास खातात. ज्या घरात सवलत लपवावी लागते, तिथे आजारी माणूस आजार लपवतो. गोळी गुपचूप बंद होते किंवा वेळ बदलून घेतली जाते. इतर अकरा महिने हीच माणसे 'जान है तो जहान है' म्हणतात, 'शिर सलामत तर पगडी पचास' म्हणतात. रमजानमध्येच त्याचा विसर पडावा, हे बरे नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे मानणाऱ्याला ते पणाला लावण्याचा अधिकार नाही.

याचा अर्थ प्रत्येक मधुमेह्याने रोजा सोडावा, असा नाही. साखर आटोक्यात असलेले अनेक जण डॉक्टरांकडून औषधाची मात्रा आणि वेळ बदलून घेऊन नीट रोजे करतात. त्याची वेळ रमजानच्या आधीची, शाबान महिन्यातली. पण ती चुकली असेल, तर आज जाण्यात कमीपणा नाही. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. तरी त्या भीतीने यंत्र कपाटात पडून राहते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर वेळ न पाहता रोजा सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञांचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही रोजा धरू नये.

या कामात सगळ्यांचा वाटा आहे. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात सवलतीच्या आयतींवर पाच मिनिटे बोलावे. त्यांचा शब्द घरातल्या मुलांच्या शब्दापेक्षा अम्मी-अब्बा लवकर ऐकतील. गावातल्या डॉक्टरांनी, ते कोणत्याही धर्माचे असोत, रुग्णाला आपणहून विचारावे, "रोजे धरता का?" आणि सरसकट 'नको' म्हणण्याऐवजी कोणाला जमेल, कोणाला नाही, हे समजावून सांगावे. नुसते 'नको' ऐकलेला रुग्ण पुढच्या वर्षी सांगायलाच येत नाही. शेजारच्या काकूंनी, कार्यालयातल्या सहकाऱ्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे की रोजा असलेला मधुमेही माणूस घामाने डबडबला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला रोज्याचा थकवा समजून सोडून देऊ नये. शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्यावे, नसेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे. असा रोजा सोडायला लावणाऱ्याला गुन्हा लागत नाही.

आणि त्या दस्तरखानावरच्या सुनेने? तिने अजानची वाट पाहू नये. खजूर अम्मींच्या तोंडात घालावा, वर सरबत पाजावे. हा एक रोजा नंतर कजा म्हणून ठेवता येईल. तेही जमले नाही, तर गल्लीतल्या एखाद्या गरजू माणसाला अम्मींच्या नावाने जेवू घालता येईल.