‘काढून टाका’ म्हणणाऱ्यांस

गेल्या ज्येष्ठात पुण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपने माझ्या मोटारीला मरणाची शिक्षा सुनावली. सुनावणारे गृहस्थ तरुण होते, सदरा कडक इस्त्रीचा होता, आणि मोटारीखाली वाकून पाहण्याची तसदी त्यांनी घेतली नव्हती. एका यंत्राची तार त्यांनी स्टिअरिंगखालच्या खोबणीत खुपसली, यंत्राच्या काचेवर उमटलेली अक्षरे वाचली आणि ते म्हणाले, “डॉक्टर, दोन मार्ग आहेत. सगळे हायड्रॉलिक सस्पेन्शन नवे घाला, नाहीतर काढून टाका आणि साध्या स्प्रिंगा बसवून घ्या.” पहिल्या मार्गाचा खर्च त्यांनी छापील कागदावर दिला. तो आकडा मी येथे देत नाही. सणासुदीला वाचकांच्या घरी विनाकारण वाद नकोत. तेवढ्यात भोरच्या माझ्या दवाखान्यावर नवे छप्पर पडले असते आणि दारात दुसरी एखादी बरी मोटारही उभी राहिली असती.

त्या तरुणाशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते ‘काढून टाका’ या दोन शब्दांशी, आणि ते इतक्या सहज उच्चारण्याची जी सवय आपल्या शहाण्यासुरत्या लोकांना जडली आहे तिच्याशी.

आधी मोटारीविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर वाचक मला धनिक समजतील. परदेशी बनावटीची, वीस वर्षांपूर्वीची ही अवाढव्य एस. यू. व्ही. माझ्या भाच्याने मुंबईत हौसेने बाळगली आणि हौस फिटल्यावर मामाच्या दारात आणून लावली. मी ती ठेवून घेतली याला कारण आहे. दर गुरुवारी मी वेल्हे तालुक्यात जातो. (सरकारदप्तरी त्याला आता राजगड तालुका म्हणतात, माझ्या जिभेवर अजून वेल्हेच आहे.) भोरहून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करीत वेल्ह्यास पोचावयाचे आणि तेथून पुढे केळदच्या अंगाला वळावयाचे. पावसाळ्यात तो रस्ता कोठे असतो आणि कोठे नसतो हे त्या बाजूच्या माणसालाच ठाऊक. परतताना मागच्या बाकावर हमखास कोणीतरी असते: पाय मोडलेला गुराखी, दिवस भरलेली पोर, दम्याने बेजार झालेले म्हातारे.

या गाडीत एक कळ आहे. ती दाबली की गाडी चारी पायांवर हळूच खाली बसते. दुसरीकडे ढकलली की खडकाळ वाटेवर पोट घासू नये म्हणून उंच होते. माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडून त्यात सळई घातली आहे. साध्या जीपमध्ये चढणे तिला या जन्मी शक्य नाही. गाडी पहिल्यांदा तिच्यापुढे वाकली तेव्हा ती म्हणाली, “अरे, हा तर उंट आहे!” तेव्हापासून घरात गाडीचे नाव उंट. आता साध्या स्प्रिंगा बसवा म्हणणाऱ्यांनी मला सांगावे, स्प्रिंग कधी कोणापुढे वाकली आहे काय?

या वाकण्यामागची युक्ती फार सुंदर आहे, आणि समजावयास मुळीच कठीण नाही. चाकाजवळच्या दट्ट्यात तेल असते. ते तेल एका नळीने लोखंडी गोळ्याशी जोडलेले असते. गोळा नारळाएवढा, त्याच्या पोटात रबराचा एक पडदा. पडद्याच्या एका अंगाला तेल, दुसऱ्या अंगाला दाबून भरलेला नायट्रोजन वायू. चाक खड्ड्यातून वर उसळले की तेल गोळ्यात शिरते, पडद्याला रेटते आणि वायू आकसतो. चाक खाली गेले की वायू फुगून तेलाला परत लोटतो. तेल काही आकसत नाही; सगळा मऊपणा त्या वायूचा. पंपाने तेल जास्त सोडले की गाडी उंच होते, काढून घेतले की खाली बसते.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीच्या पॉल माजेस या तंत्रज्ञाने ही विद्या सिद्ध केली. १९५४ साली ती एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना लावण्यात आली आणि १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ‘डी. एस.’ नावाची मोटार चारी चाकांवर तेल-वायू घेऊन उभी राहिली. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ मारेकऱ्यांनी जनरल द गॉल यांच्या डी. एस. वर गोळ्या झाडल्या. टायर फुटले, तरी चालकाने गाडी सावरून भरधाव बाहेर काढली आणि द गॉल वाचले. त्या कंपनीने तेल-वायूची ही पद्धत २०१७ पर्यंत चालविली. साठ वर्षे जी विद्या युरोपातल्या गल्लीबोळांतले मिस्त्री हाताळीत आले, ती पुण्यातल्या काचेच्या वर्कशॉपला अगम्य वाटावी?

अगम्य ती नाहीच. गोळ्यातला वायू वर्षानुवर्षे त्या रबरी पडद्यातून झिरपत जातो. वायू गेला की जागा तेलाने भरते, आणि गाडी बैलगाडीसारखी आदळू लागते. म्हणजे झिजला तो पडदा आणि निसटला तो वायू. पंप धडधाकट, नळ्या शाबूत, दट्टे कोरडे. तरीसुद्धा कागदावर पंपापासून नळ्यांपर्यंत सगळे नवे लिहिले होते! मी रोग्याला खोकला झाला म्हणून दोन्ही फुफ्फुसे नवी घालावयास सांगितली, तर भोरचे लोक मला चौकात उभा करतील.

मी गाडी तशीच आदळत घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी नसरापूरच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याची हयात एसटीच्या डेपोत गेली. एसटीची विद्या वेगळी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून या राज्यातल्या खेडुताला तिने गावोगाव पोचविले, ते एका पाट्याचे एक पान मोडले तर तेवढेच पान बदलून. झिजलेल्या टायरांवर पुन्हा रबर चढविण्याचे कारखानेसुद्धा महामंडळाने स्वतः काढले. मिस्त्रीने असली गाडी आयुष्यात पाहिली नव्हती. तो अर्धा तास नुसता खाली पडून राहिला. मग उठला, तेलाच्या डब्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि मला म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दाबा कळ.”

गाडी उंच केली तेव्हा डब्यातले तेल खाली गेले. त्याने एक रेघ मारली. गाडी बसवली, तेल वर आले. दुसरी रेघ मारली. निरोगी गाडीत या दोन रेघांत चांगले अंतर पडते. आमच्यात जेमतेम बोटभर पडले. “वायू गेला,” तो म्हणाला. नंतर तो आणि त्याचा पोऱ्या मागच्या बंपरवर चढून नाचले. गाडी ढिम्म. पुढे नाचले, तेव्हा ती थोडी डुलली. पुण्यातले ते तार लावण्याचे यंत्र त्याने एका ओळखीच्या पोराकडून दोन दिवस मागून आणले. त्यात तेलाचा दाबही दिसतो. पुण्यात तो कोणी पाहिलाच नव्हता. पुढचा दाब भलताच चढलेला. कारण काय, तर पुढच्या चाकांचा काही भार ज्या पिळाच्या सळयांनी उचलावयाचा, त्या इतक्या वर्षांत ढिल्या पडल्या होत्या आणि त्यांचे ओझे बिचारे तेल वाहत होते. सळयांना दोन्ही बाजूंनी मोजून पीळ दिला, दाब ठिकाणावर आला. त्याला दाम शून्य, फक्त घाम.

मग त्याने जुने तेल काढले. ते काळेकुट्ट निघाले, आणि येथे मला माझाही कान धरला पाहिजे. दहा वर्षे गाडी वापरली; हे तेल बदलावयाचे असते याची मला दादही नव्हती. रक्तदाब तपासावयास येत नाहीत म्हणून मी केळदच्या म्हाताऱ्यांवर ओरडतो!

मागचे दोन गोळे दुबईच्या एका नातेवाइकाकडून मागविले. नवे तेल, दोन गोळे, मिस्त्रीची आठ दिवसांची मजुरी आणि त्याने न मागता मी दिलेले वर काही, असे सगळे मिळून पुण्याच्या आकड्याच्या सहाव्या हिश्श्यातही गेले नाही.

“सगळ्यांनाच असा मिस्त्री कोठून मिळणार?” असे माझे पुण्याचे स्नेही विचारतात. प्रश्न रास्त आहे, परंतु तो मला न विचारता मोटार कंपन्यांना विचारावा. सित्रोएनच्या गोळ्यात युरोपातले लहान कारागीर नायट्रोजन पुन्हा भरून देतात. माझ्या गाडीचे गोळे कायमचे बंद. वायू भरावयास तोंडच नाही. हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानांत नायट्रोजन मिळतो, आणि त्याच वायूवाचून माझे लोखंडी गोळे भंगारात जातात! दुरुस्तीचे पुस्तक बाहेरच्याला देत नाहीत, सुटा भाग देत नाहीत, आणि मग म्हणतात, बाहेरच्याला कळत नाही. हे माझे एकट्याचे रडगाणे नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून अडवून धरल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, कोर्टकज्जे लांबले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही उघडले. नसरापूरच्या शेडमध्ये मात्र यातले एक पानही अजून पोचलेले नाही. मिस्त्रीने पुस्तक मागितले, ते मी इंग्रजीतून मिळवून त्याला रात्री वाचून दाखवीत असे.

साध्या स्प्रिंगांचा मी द्वेष करीत नाही. वेल्ह्याच्या बाजाराला भाताची पोती वाहणाऱ्या जीपला जाड पाट्यासारखे दुसरे काही नाही, आणि तिच्या मालकाने माझे ऐकून तेल-वायूच्या नादी लागू नये. ज्याचे पंप, नळ्या, दट्टे सगळेच सडले आहे त्याने खुशाल काढून टाकावे. आणखी एक सांगतो, या नळ्यांत दाब भयंकर असतो. वाचकांपैकी कोणी दिवाळीच्या सुट्टीत पाना घेऊन खाली शिरू नये. पण काय सडले आणि काय शाबूत आहे हे पाहिल्यावाचून काढून टाका म्हणणारा मनुष्य कारागीर नव्हे, दुकानदार आहे. भाटघरचे धरण उभे राहून शंभर वर्षे होत आली. त्याचा एखादा दरवाजा गंजला, तर नीरेच्या कालव्यावरचा शेतकरी दरवाजा दुरुस्त करा म्हणेल, की धरण काढून टाका म्हणेल?

उंट आता पुन्हा वाकतो. पुढचे दोन गोळे अजून एक पावसाळा काढतील असे मिस्त्रीचे म्हणणे आहे. वसुबारसेला आईला घेऊन बनेश्वरला गेलो होतो. ती कोणाचा हात न धरता चढली आणि उतरली, आणि उतरल्यावर गाडीच्या पुढच्या जाळीला तिने झेंडूचे फूल अडकवले. काढलेले दोन्ही गोळे माझ्या दवाखान्यात औषधांच्या कपाटावर ठेवले आहेत. मिस्त्रीने एक कापून आतला पडदा उघडा करून दिला आहे. पुण्याच्या त्या तरुण गृहस्थांनी कधीही येऊन तो पाहावा, चहा माझ्याकडे. येताना आपल्या अंदाजपत्रकाची प्रत मात्र घेऊन यावे, कारण माझ्याकडच्या प्रतीवर मिस्त्रीने काळ्या तेलाचा डबा ठेवला होता आणि आता तिच्यातला आकडा वाचता येत नाही.